न बोलावता आलेली माणसं

बेलमॉर्न,
२ सप्टेंबर १९७४

प्रिय क्लोटिल,

तुझं पत्र मिळालं. सरकारने तुला ग्रामसाहाय्य अधिकारी केलं म्हणे. अभिनंदन. लोकांनी एकमेकांच्या मदतीला कसं जावं हे शिकवायला आता पगारी माणूस नेमतात, हे वाचून मी चष्मा पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. आपल्या डोमिनिकात माणसं एकमेकांची रानं साफ करतात, घरं उभी करतात, होड्या ओढतात, ती तुझ्या खात्याच्या जन्माआधीपासून. उद्या माशांना पोहायला शिकवायलाही अधिकारी पाठवतील. तेव्हा अर्ज कर, बढती मिळेल.

माझी तब्येत ठीक आहे. नदीची नाही. ऑगस्टच्या वादळात तिने कूस बदलली आणि ती आता माझ्या घरामागचा काठ खाते आहे. अळूचा वाफा गेला. लिंबाचं झाड गेलं. मागच्या पायरीवर बसून चहाचा चोथा फेकला तर थेट पाण्यात पडतो. कोंबड्या मागच्या बाजूला जातच नाहीत. अक्कल कोंबड्यांना आहे. मी मात्र रोज तिथे बसते आणि बघते. तुला खोटं कशाला सांगू, बघण्यासारखं आहे. बैलाएवढे दगड ती असे लोळवत नेते की मला मांडीवरचा सुई-दोराही इतक्या सहज उचलता येत नाही. राग येतो आणि तोंड उघडंच राहतं.

पण संताप नदीचा नाही, माणसांचा येतो. सगळं बेलमॉर्न रोज माझ्या कुंपणावरून जातं. सगळ्यांना दिसतं. "बोंझू, मिस" म्हणतात आणि पुढे! रोझोच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी उभा जन्म काढला. या गावातल्या कुणाच्या मुलीला इंग्लंडात बाळ झालं, कुणाचा भाऊ बोटीवर वारला, प्रत्येक बातमी माझ्या हातून जोडली गेली. त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटू नये, मिस युजेनी, काही हवंय का?

परवा अल्तिदोर सुतार कुंपणाशी थांबला. मला वाटलं, आता तरी बोलेल. तो वाकला, घराखालच्या तुळयांकडे बराच वेळ बघत राहिला, आत येऊन एक ठोकून पाहिली, आणि म्हणाला, "लाकूड चांगलं आहे, मिस." आणि गेला. लाकूड चांगलं आहे! माझ्या शवपेटीचं माप घेत होता की काय कोण जाणे.

तुझी,
युजेनी मावशी

*

रोझो,
९ सप्टेंबर १९७४

प्रिय मावशी,

तू माशांबद्दल लिहिलंस ते मी कार्यालयात वाचून दाखवलं नाही, कारण साहेबांना विनोद समजावून सांगावे लागतात.

पण तू हसलीस तरी एक सांगते. मागच्या आठवड्यात मला डोंगरातल्या एका गावी पाठवलं. काम काय, तर गोमिये झाडाची होडी जंगलातून समुद्रापर्यंत न्यायला गावाला "साहाय्य करणे". सूचना अशी की आधी समिती नेमावी. मी चढ चढून पोचले तर समोरून होडी उतरत होती. अख्ख्या झाडाच्या खोडातून कोरलेली, अजून ओली, आणि तिच्या पुढे-मागे दोर धरून पन्नासेक माणसं. एकजण पुढे चालत गात होता, बाकीचे ओळ परत म्हणत होते आणि त्या ओळीच्या शेवटी सगळे एकदम जोर करत होते. डोंगर उतरत होता असं वाटलं. माझ्या हातात समितीचे कागद. एक म्हातारी घाम पुसत म्हणाली, "बाई, धरणार की बघणार?" मी कागद झुडपात ठेवले आणि दोर धरला. मावशी, माझे हात सोलून निघाले आणि मी रडत होते, दुखत होतं म्हणून नाही. कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. संध्याकाळी होडी लाटेवर बसली तेव्हा कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

आता तुझ्या अल्तिदोरबद्दल. तो शवपेटीचं माप घेत नव्हता. तो घर उचलता येईल का ते बघत होता! तुझी जमीन वर रस्त्यापर्यंत जाते. वरचं टोक कोरडं आहे. गावाने तुझं घर उचलून तिथे नेलं की झालं. अशी घरं आपल्याकडे किती हलली आहेत.

पण तो बोलणार कसा? कूदमेनचं, गावाने मिळून करायच्या कामाचं, बोलावणं मालकानेच करायचं असतं, स्वतःच्या पायाने, स्वतःच्या तोंडाने, दारोदार जाऊन. हे मला कुणी शिकवलं? तूच. मी सात-आठ वर्षांची असेन, तू म्हणाली होतीस, "जिवंत माणसाच्या मदतीला न बोलावता जाणं म्हणजे त्याला मेलेला समजणं. न बोलावता लोक फक्त मयताला जातात."

ते वाट बघताहेत, मावशी. तू जा आणि विचार.

तुझी,
क्लोटिल

*

बेलमॉर्न,
१५ सप्टेंबर १९७४

क्लोटिल,

माझीच वाक्यं मला परत पाठवायची ही सवय तुला तुझ्या आईकडून आली. तिचंही असंच होतं.

मला रीत माहीत आहे. तुझ्याहून जास्त माहीत आहे. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आत जायचं नाही, बसायचं नाही, आणि म्हणायचं, "मी तुला विचारायला आले आहे." समोरचा "या" म्हणाला की झालं. पण त्यापुढचं तू सोयीस्कर विसरलीस. दिवसाला दिवस परत करायचा असतो. आज अल्तिदोर माझ्याकडे राबला, तर उद्या अल्तिदोरच्या रानात मी राबले पाहिजे. सांग, कशी राबू? गुडघा वाकत नाही. कुदळ उचलवत नाही. दोर धरला तर मलाच ओढत न्यावं लागेल. स्वयंपाकाला जा म्हणशील. माझ्या हातचं मासळीचं कालवण तू खाल्लं आहेस. गावानेही खाल्लं आहे, चर्चच्या जत्रेत, एकदाच.

माझ्याजवळ परत द्यायला दिवसच उरलेला नाही. परत देता येत नसताना मागणं म्हणजे भीक. कॉन्व्हेंटमध्ये मदर ओदिल आम्हाला सांगायच्या, हात पसरायचा तो फक्त देवापुढे. त्या बऱ्याच बाबतीत चुकीच्या होत्या. आम्ही आपल्या घरच्या क्रेओल बोलीत एक शब्द बोललो तर खडीवर गुडघे टेकायला लावायच्या, आणि माझा गुडघा तिथूनच गेला असावा. पण हे त्यांचं मला पटतं. तुझ्या आईलाही हे पटलं असतं, पण तिने मला ते म्हणू दिलं नसतं.

तेव्हा हा विषय बंद.

मावशी

*

रोझो,
२२ सप्टेंबर १९७४

प्रिय मावशी,

विषय बंद म्हणालीस म्हणून उघडत नाही. फक्त एवढंच. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एक तुझी. कोंबड्या घेऊन ये, फक्त येताना बसमध्ये ग्रेग्वारशी भांडू नकोस, तो या मार्गावरचा एकच बसवाला आहे. रेडिओवर सांगताहेत, आणखी पाऊस आहे.

मला रात्री झोप लागत नाही.

क्लोटिल

*

बेलमॉर्न,
२९ सप्टेंबर १९७४

प्रिय क्लोटिल,

काल नीरफणसाचं झाड गेलं.

सकाळी कोको उकळत ठेवला होता. मागे कुणीतरी दीर्घ श्वास घेतल्यासारखा आवाज आला. गेले तर काठाचा मोठा तुकडा झाडासकट सुटला होता. झाड आडवं पडलं नाही, क्लोटिल. मुळांना धरून माती, मातीला धरून दगड, आणि त्यावर झाड सरळ उभं, फळांसकट, तसंच पाण्यातून निघालं. मिरवणुकीतल्या देवीसारखं. वळणापर्यंत मला दिसत होतं. मी क्रूसाची खूण केली. झाडासाठी की नदीसाठी, ते ठरवता आलं नाही. एवढं देखणं काही मी कधी बघितलं नव्हतं, आणि ते माझंच झाड होतं.

रोझोला येणार नाही. तुझ्या खोलीतून शेजाऱ्याची भिंत दिसते. या घराची एकेक फळी मी बघून, वास घेऊन विकत घेतली आहे. निवृत्त झाल्यावर लोक मुलांकडे जातात. मी या घराकडे आले. नदीला ते हवं असेल तर तिने माझ्यासकट न्यावं. उभं राहून जाईन, झाडासारखी.

अल्तिदोर पुन्हा कुंपणाशी आला होता. मी खिडकी लावून घेतली.

मावशी

*

बेलमॉर्न,
१४ ऑक्टोबर १९७४

प्रिय क्लोटिल,

मी मेलेली नाही. हे आधी सांगते, कारण शनिवारी सकाळी बेलमॉर्नमध्ये माझं मयत होतं आणि तुझ्यापर्यंत काय पोचलं असेल सांगता येत नाही.

मी कपात कोको ओतत होते. अंगणात पावलं वाजली. एक-दोन नाही, खूप. दार उघडलं तर सगळं गाव उभं. काळे झगे, काळ्या टोप्या. बायकांच्या हातात मेणबत्त्या. मा सेसीन, ती समोरच्या घरातली, तिच्या हातात मयताच्या घरी नेतात ती मोठी कॉफीची किटली. अल्तिदोरच्या खांद्यावर रंधा मारलेल्या फळ्या. आणि मागे म्हातारा ओनोरे, जो कूदमेनला पुढे चालून गातो आणि मयतालाही तोच गातो, तो हुंदके देत उभा. मला बघितलं आणि त्याने क्रूसाची खूण केली.

"कोण मेलंय?" मी विचारलं.

मा सेसीनच्या हातातून किटली निसटली, ती तिच्या सुनेने झेलली.

शेवटी अल्तिदोरने टोपी काढली. "तुम्ही, मिस."

"मला कुणी कळवलं नाही."

"ग्रेग्वारने रोझोहून निरोप आणला. शनिवारी सकाळी सगळ्यांनी मिस युजेनीच्या घरी जावं."

"तेवढ्यावरून मी मेले?"

"तुम्ही जिवंत असताना दुसऱ्याच्या तोंडून बोलावणं धाडाल का, मिस?"

सगळ्यांनी रीतीप्रमाणेच विचार केला होता. दुसऱ्याच्या तोंडून बोलावणं येतं ते एकाच वेळी, ज्याने बोलवायचं त्याचं तोंड मिटल्यावर.

मा सेसीन सावरून म्हणाली, "मी तर सगळ्या रस्त्याने तुमच्या चांगल्या गोष्टी आठवत आले, मिस."

"किती आठवल्या?"

"रस्ता लहान आहे, मिस."

आणि ती हसली, मग मी हसले, मग सगळं अंगण हसलं. ओनोरे एकटा हसेना. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्याच्या तोंडून नुसती हवा निघाली. डोंगरावरून इथपर्यंत तो मयताची गाणी गात आला होता, त्यात रडणं, त्यात पहाटेची रम. घसा पार बसलेला. कुजबुजला, "तुमच्यासाठी गेला, मिस." एवढी वर्षं मी या माणसाला रस्त्यात "जरा हळू ओरड" म्हणत आले आहे.

तेवढ्यात मागून आवाज आला. मला तो आता ओळखता येतो. मागची पायरी गेली. ती पाण्यात पडल्याचं ऐकू आलं आणि मग घर कण्हलं. घर, क्लोटिल. माझ्या पायाखालची फळी कण्हली.

हसणं थांबलं. आणि मग जे झालं ते तुला नीट सांगता यावं म्हणून मी दोन दिवस थांबून लिहिते आहे.

कुणीही हललं नाही. एवढी माणसं, एवढे खांदे, नदी घराखाली शिरलेली, आणि सगळे हात खाली सोडून उभे. अल्तिदोरने फळ्या हळूच जमिनीवर ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. अल्सीद, मा सेसीनचा धाकटा, नवीनच लग्न झालेला, त्याने बाह्या वर सारल्या आणि तसाच राहिला. त्यांच्या दंडाच्या शिरा दिसत होत्या मला. धावणारा घोडा कुणीतरी लगामाशी धरून ठेवावा तसे ते स्वतःला धरून उभे होते. महिनाभर मी खिडकीतून ज्याला निर्दयपणा म्हणत होते, तो अंगणात माझ्यासमोर उभा होता, आणि तो निर्दयपणा नव्हता. मी जिवंत आहे असं ते मानत होते. माझं घर जात असतानासुद्धा मानत होते. मिस्सेत फादर पवित्र भाकरी उचलतात तेव्हाही लोकांना मी इतकं स्तब्ध उभं राहिलेलं बघितलेलं नाही.

मी पायऱ्या उतरले. चिखलातून अल्तिदोरपुढे जाऊन उभी राहिले. हात-दीड हात अंतर ठेवलं, रीतीप्रमाणे.

"अल्तिदोर, मी तुला विचारायला आले आहे."

"या, मिस," तो म्हणाला. जणू त्या चिखलात त्याचं दार होतं आणि त्याने ते उघडलं.

"माझ्याकडे परत द्यायला काही नाही."

"ते आम्ही बघू. पुढच्याला विचारा."

मी एकेकापुढे गेले. मा सेसीनपुढे गेले, तिच्या सुनेपुढे, अल्सीदपुढे, ओनोरेपुढे. प्रत्येकाला तेच वाक्य. प्रत्येकजण "या" म्हणाला, ओनोरेने मान हलवली. नदी मागे गुरगुरत होती आणि एकानेही "मिस, राहू द्या आता, घाई आहे" म्हटलं नाही. कारण विचारून झाल्याशिवाय ते घर नव्हतं, मयत होतं.

शेवटच्या माणसाने "या" म्हटलं आणि मग मात्र बघायचं होतं! काळे झगे कमरेला खोचले गेले. मेणबत्त्या माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर रांगेने ठेवल्या. माणसं बांबू आणायला पळाली, बायका आत शिरून माझ्या निळ्या बशा गाद्यांत गुंडाळायला लागल्या. घराखालच्या दगडांवरून तुळया सुटल्या, खाली आडवे बांबू बांधले, आणि सगळे वाकून खाली शिरले. अल्तिदोर माझ्याजवळ आला.

"मिस, खालच्यांना काही दिसत नाही. त्यांना फक्त पुढच्याचा आवाज ऐकू येतो. ओनोरे पुढे असतो. ओनोरेचा घसा आज गेला."

"मग तू ओरड."

"मी कोपरा धरणार. आणि माझा आवाज कुंपणापलीकडे जात नाही. तुमचा जातो." त्याने खाली बघितलं. "आम्ही सगळ्यांनी ऐकला आहे, मिस."

मी पुढे जाऊन उभी राहिले. गावाकडे पाठ, घराकडे तोंड. मला त्यांची गाणी येत नाहीत. पण एक्स्चेंजमध्ये वादळाच्या दिवशी साऱ्या बेटाच्या खरखरीवरून आवाज पोचवायला मला यायचं. मी ओरडले, "उचला!"

आणि माझं घर उठलं.

क्लोटिल, ते उठलं. खिडक्या, दार, पत्र्याचं छप्पर, पडद्यांसकट. आणि त्याला पाय होते. उंबऱ्याखाली उघड्या पायांची रांग, काळी, चिखलाने माखलेली. मी "उजवा" म्हटलं की सगळे उजवे पुढे, "डावा" म्हटलं की सगळे डावे. मी एक पाऊल मागे जात होते आणि माझं घर एक पाऊल माझ्याकडे येत होतं. मघाशी जिथे बसून मी कोको ओतत होते ते घर माझ्याकडे चालत येत होतं. मला वाटलं, ते मला ओळखतं.

आमच्या मागे, म्हणजे घराच्या मागे, काठ सुटला. मी बघितलं. त्यांना कुणालाच दिसलं नाही. घर जिथे होतं तिथे पाणी आलं. मी तोंड उघडलं आणि फक्त म्हटलं, "डावा."

चढाआधीच्या वळणाला चिखल खोल होता. एक कोपरा खचला. घर कलंडलं, आत काहीतरी फुटलं आणि सगळे अडकले. घराखालून कुणाचाच आवाज येईना, नुसते श्वास. एवढ्या माणसांचा एकत्र श्वास तू ऐकला आहेस का? मला भीती वाटली, आणि भीती वाटली की माझी जीभ सुटते.

"अल्सीद! बायकोसमोर छाती फुगवतोस ती आत्ता कुठे ठेवली आहेस? सेसीन, तू माझ्या चांगल्या गोष्टी आठवत होतीस ना, आता वाईट आठव, त्या पुष्कळ आहेत, त्यावर जोर येईल! अल्तिदोर, महिनाभर कुंपणावरून वाकून बघत होतास, आता खालून बघ, लाकूड चांगलं आहे की नाही!"

घराखालून हसू फुटलं. त्या हसण्यात घर वर आलं. तेवढ्यात बाकीच्या बायकांनी अल्तिदोरच्या फळ्या चिखलावर टाकल्या. माझ्या शवपेटीच्या फळ्या, क्लोटिल. त्यांच्यावरून माझं घर वळलं आणि चढ चढलं.

वर रस्त्याच्या कडेला, कोरड्या दगडांवर, त्यांनी ते खाली ठेवलं. इतकं हळू की खुंटीवरची माझी टोपी तशीच होती. मग सगळे बाहेर आले, पाठी सरळ केल्या आणि उभे राहिले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तू लिहिलं होतंस ना, होडी लाटेवर बसली तेव्हा. तसंच.

मग माझ्या मयताची कॉफी आम्ही सगळ्यांनी प्यायली. चांगली केली होती सेसीनने.

हे सगळं मी क्रेओलमध्ये ओरडले हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. मदर ओदिलनी ऐकलं असतं तर खडीवर बसवलं असतं. बसले असते.

ग्रेग्वारकडे निरोप कुणी दिला हे मी विचारलं नाही. रोझोत माझं दुसरं कोण आहे?

युजेनी मावशी

*

रोझो,
२१ ऑक्टोबर १९७४

प्रिय मावशी,

मीच दिला. ग्रेग्वारला म्हटलं होतं, सगळ्यांना मावशीकडे जायला सांग. रीत माहीत असून दिला. वाटलं, नदी रीत बघणार नाही, मग मी का बघू? ते तुझं मयत समजतील असं माझ्या डोक्यातच आलं नाही. खात्यात असं कुणी सांगत नाही. ग्रेग्वार परत येऊन म्हणाला, "मिस युजेनीसाठी सगळं गाव रडत होतं," तेव्हा मी बसस्टँडवरच खाली बसले. तुझं पत्र येईपर्यंत मी चर्चमध्ये दोनदा तुझ्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणवली. फादरना आता काय सांगू?

साहेबांनी विचारलं, बेलमॉर्नमध्ये समित्या किती? मी म्हटलं, एक. सदस्य किती? म्हटलं, सगळे. त्यांना पुढचं विचारायचं सुचलं नाही.

मी तिथे नव्हते. घर तुझ्याकडे चालत आलं आणि मी इथे सहीशिक्के मारत होते. मावशी, पुढच्या वेळी मला बोलव. स्वतःच्या तोंडाने.

क्लोटिल

*

बेलमॉर्न,
३ नोव्हेंबर १९७४

प्रिय क्लोटिल,

मिस्सा वाया जात नाही. फादरना सांग, पुढेमागे कामाला येईल, जमा ठेवा.

त्या फळ्या अल्तिदोर परत न्यायला आला होता. मी म्हटलं, माझ्या आहेत, राहू दे. त्याने त्यांच्या मागच्या पायऱ्या करून दिल्या. मी रोज तिथे बसते. इथून नदी दूर दिसते, खाली, आणि तिचा आवाज उशिरा येतो. राग आता तितका येत नाही. तोंड मात्र अजून उघडंच राहतं.

मी गेले दोन आठवडे हिशेब करत होते की एवढ्या लोकांचे एवढे दिवस मी कोणत्या जन्मात परत करणार. सेसीनला म्हटलं, तुझ्या मुलाचे कपडे शिवून देते. ती म्हणाली, "मिस, माझा मुलगा तुमच्या शिवणीत बसणार नाही." अल्तिदोरला म्हटलं, पत्रं लिहून देते. तो म्हणाला, त्याला कुणाला पत्रं लिहायची नाहीत.

काल सकाळी तो दारात आला. मी आत कपडे घडी करत होते. म्हटलं, आत ये. आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, टोपी काढून, पाय जुळवून. मला वाटलं, परत कोण मेलं?

"अल्सीदने डोंगरात गोमिये तोडला आहे," तो म्हणाला. "होडी कोरून झाली. पुढच्या शनिवारी उतरवायची."

"बरं मग?"

"ओनोरेचा आवाज आता परत येणार नाही, मिस. डॉक्टर म्हणाले. दोर ओढायला आमच्यात पुष्कळ आहेत. पुढे चालायला कुणी नाही." तो थांबला. "त्यांना तुमचा आवाज लागतो. शिव्यासुद्धा लागतात, अल्सीद म्हणाला."

तो सरळ झाला आणि ते वाक्य म्हणाला. म्हणायचं तसंच म्हणाला.

"मिस युजेनी, मी तुम्हाला विचारायला आलो आहे."

क्लोटिल, मी एक्स्चेंजमध्ये जन्म काढला. समुद्रापलीकडून येणारे आवाज ऐकले, वादळातले, रडणारे, तुटक. कधी कुणाला "पुन्हा सांगा" म्हटलं नाही. त्याचा मला गर्व होता, तुला माहीत आहे.

काल माझ्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाला मी म्हटलं, "ऐकू आलं नाही, अल्तिदोर. पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं.

शनिवारी ये. हे मी माझ्या तोंडाने सांगते आहे, कागद फक्त आणतो आहे. धरायचं की बघायचं ते आल्यावर ठरव, पण मी पुढे असेन, तेव्हा नीट ओढ.

तुझी,
युजेनी मावशी